एका वापरकर्त्याच्या अनेक निवडी: टेबलांची रचना कशी करावी?

नवी_पाटी

नोंदणीच्या फॉर्मवर 'आवडीचे विषय' असा भाग आहे. एकूण ४० विषय, प्रत्येकासमोर चेकबॉक्स, हवे तितके निवडा. सध्या वापरकर्ता टेबलात 'विषय' नावाचा एकच कॉलम आहे, व्हारचार (१००), म्हणजे १०० अक्षरांपर्यंतचा मजकूर, आणि त्यात '३,७,१२' असे क्रमांक स्वल्पविराम देऊन साठवले जातात. डेटाबेस मायएसक्यूएल ८.

आता या माहितीतून तीन गोष्टी काढायच्या आहेत: विषय ७ निवडलेले सगळे, ३ आणि ७ दोन्ही निवडलेले, आणि प्रत्येक विषयामागे किती जण. 'लाइक' वापरून २ शोधला की १२ आणि २३ वालेही येतात. विषयांच्या टेबलाशी 'इन' लावून जोडले तर प्रत्येकाचा फक्त पहिला विषय दिसतो आणि एररही येत नाही.

विषय_१ ते विषय_१० असे दहा कॉलम करावेत, की ४० हो/नाही कॉलम? पुढे याच फॉर्मवर 'येणाऱ्या भाषा' येणार आहेत आणि एक प्रश्नावलीही. तिच्यात काही प्रश्नांना एकच उत्तर, काहींना अनेक, काहींना 'इतर' म्हणून मजकूर. तेव्हा रचना आत्ताच नीट करायची आहे.

सांधेजोड

दोन्ही नकोत. आधी 'इन'चे कोडे सोडवू. 'विषय_क्र इन (वापरकर्ता.विषय)' असे लिहिले की मायएसक्यूएलला तिथे क्रमांकांची यादी दिसत नाही, एकच मजकूर दिसतो: '३,७,१२'. आकड्याशी तुलना करायची म्हणून तो त्या मजकुराचा आकडा करतो. पहिल्या स्वल्पविरामाशी अडतो आणि हाती उरतात ३. सिलेक्टमध्ये याची फक्त वॉर्निंग येते, आणि वॉर्निंग कोण वाचतो!

'फाइंड_इन_सेट' बरोबर उत्तर देईल, पण त्याला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरता येत नाही, दरवेळी पूर्ण टेबल वाचले जाते. शिवाय कुठे '३, ७' अशी स्वल्पविरामानंतर मोकळी जागा राहिली असेल तर ७ सापडणारच नाही.

दहा कॉलम केले तर 'विषय ७ कोणाचा' हे दहा ठिकाणी विचारावे लागते, अकरावी निवड कुठे ठेवायची हा प्रश्न उरतो आणि एकच विषय दोन कॉलमांत जाऊन बसला तरी कोणी अडवत नाही. ४० हो/नाही कॉलम केले तर प्रत्येक नवीन विषयासाठी टेबलच बदलावे लागते. मायएसक्यूएलचा 'सेट' प्रकारही याच जातीचा: कमाल ६४ मूल्ये, आणि यादी टेबलाच्या व्याख्येत कोरलेली. एका घरात एकच मूल्य, ही अट रिलेशनल डेटाबेसचा जनक कॉड याने १९७० साली मांडली ती याच कटकटी टाळायला.

एक निवड म्हणजे एक ओळ. तीन टेबले:

वापरकर्ता (वापरकर्ता_क्र, नाव, …)
विषय (विषय_क्र, नाव, क्रम, चालू_आहे)
वापरकर्ता_विषय (वापरकर्ता_क्र, विषय_क्र, निवडले_केव्हा)

तिसऱ्या टेबलाची प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) दोन्ही क्रमांक मिळून: (वापरकर्ता_क्र, विषय_क्र). त्यामुळे एकच निवड दोनदा पडणे शक्यच नाही, सेव्हचे बटण दोनदा दाबले गेले तरी. दोन्ही क्रमांकांवर फॉरेन की, म्हणजे तो क्रमांक मूळ टेबलात असलाच पाहिजे अशी अट. मायएसक्यूएलमध्ये दोन्हीकडचा डेटाटाइप तंतोतंत जुळायला हवा. एकीकडे 'इंट' आणि दुसरीकडे 'इंट अनसाइन्ड' असले तरी फॉरेन की लागत नाही. निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

फॉरेन कीची वागणूक दोन्हीकडे वेगळी ठेवा. वापरकर्ता गेला की त्याच्या निवडी जाव्यात, तिथे 'ऑन डिलीट कॅस्केड'. विषय मात्र कोणी निवडलेला असेल तर उडवताच येऊ नये, तिथे 'रिस्ट्रिक्ट'. विषय बंद करायचा असेल तर चालू_आहे शून्य करा. फॉर्मवर दिसणार नाही, जुन्या निवडी शाबूत राहतील.

आता तिन्ही प्रश्न:

विषय ७ चे सगळे:
सिलेक्ट वापरकर्ता_क्र फ्रॉम वापरकर्ता_विषय व्हेअर विषय_क्र = ७

३ आणि ७ दोन्ही:
सिलेक्ट वापरकर्ता_क्र फ्रॉम वापरकर्ता_विषय व्हेअर विषय_क्र इन (३, ७) ग्रुप बाय वापरकर्ता_क्र हॅविंग काउंट(*) = २

इथला २ म्हणजे कंसातल्या विषयांची संख्या. तो हाताने न लिहिता यादीच्या लांबीवरून काढा, आणि त्याआधी यादीतले दुहेरी क्रमांक काढून टाका. 'विषय_क्र = ३ अँड विषय_क्र = ७' असे लिहिले तर उत्तर कायम रिकामे येईल, कारण एकाच ओळीत विषय_क्र दोन्ही असू शकत नाही.

विषयवार संख्या:
सिलेक्ट वि.नाव, काउंट(वावि.वापरकर्ता_क्र) फ्रॉम विषय वि लेफ्ट जॉइन वापरकर्ता_विषय वावि ऑन वावि.विषय_क्र = वि.विषय_क्र ग्रुप बाय वि.विषय_क्र, वि.नाव

काउंटमध्ये कॉलमचे नाव द्या, तारा (*) नको. तारा दिला तर कोणीच न निवडलेल्या विषयापुढे ० ऐवजी १ येतो, कारण लेफ्ट जॉइन त्याच्यासाठीही एक रिकामी ओळ देतोच.

कळफलक

+१. पण जोडटेबलाला (वापरकर्ता_विषय) स्वतःचा ऑटो-इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढणारा, क्रमांक का नको? बहुतेक फ्रेमवर्क तो घालतातच. आणि ओळी किती होतील याचाही विचार करा, लाख वापरकर्ते असले तर?

सांधेजोड

लाख वापरकर्ते, सरासरी सहा निवडी, म्हणजे सहा लाख ओळी. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अशी एक ओळ (इंट आणि स्मॉलइंट) आतला हेडर धरून साधारण ३६ बाइट घेते. एकूण दोन कोटी सोळा लाख बाइट, म्हणजे वीसेक एमबी, त्यावर इंडेक्स. डेटाबेसला हे किरकोळ आहे. निवडले_केव्हा ठेवलेत तर ओळीमागे आठ बाइट वाढतील.

वेगळ्या क्रमांकाबद्दल: घातला तर बिघडत नाही, पण मग जोडीवर युनिक (दुहेरी नको अशी अट) लावायचे विसरू नका. जँगो हा फ्रेमवर्क स्वतः जोडटेबल बनवतो तेव्हा क्रमांकासोबत जोडीवर युनिकही लावतो. हाताने टेबल करणारे नेमके तेच विसरतात आणि दुहेरी ओळी शिरल्या की वरची 'काउंट = २' ची क्वेरी खोटे बोलू लागते: ३ दोनदा निवडलेला माणूस '३ आणि ७ दोन्ही' मध्ये येतो. निवडीलाच दुसऱ्या टेबलातून संदर्भ द्यायचा असेल (प्रत्येक निवडीखाली टिपणे, वगैरे) तर वेगळा क्रमांक सोयीचा. इथे गरज दिसत नाही.

उलट दिशेचा इंडेक्स मात्र हवाच. प्रायमरी की वापरकर्त्यापासून सुरू होते, त्यामुळे 'विषय ७ चे सगळे' शोधताना तिचा फारसा उपयोग नाही. इनोडीबी (मायएसक्यूएलची साठवण यंत्रणा) फॉरेन कीसाठी विषय_क्र वर इंडेक्स आपोआप करते आणि तिच्या प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये प्रायमरी की असतेच, त्यामुळे तेवढ्यावर भागते. पोस्टग्रेस असा इंडेक्स करत नाही, तिथे (विषय_क्र, वापरकर्ता_क्र) हाताने करा. नाहीतर विषय डिलीट करायला गेलात तरी पूर्ण जोडटेबल चाळले जाईल.

उलटतपासणी

टेबले झाली. खरी गंमत सेव्ह करताना असते.

वापरकर्त्याने निवडी बदलल्या की सगळ्यात सोपा मार्ग: त्याच्या सगळ्या ओळी उडवा, नव्या घाला. हे एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होईल नाहीतर काहीच नाही) असेल तर चालते, पण 'निवडले_केव्हा' दरवेळी आजचे होते. 'या महिन्यात नवीन काय निवडले गेले' असा अहवाल पुढे हवा असेल तर हा मार्ग बाद. शिवाय ज्यांच्या अजून ओळीच नाहीत अशा दोन नव्या वापरकर्त्यांसाठी एकाच वेळी रिकामे डिलीट झाले, तर इनोडीबी नेहमीच्या आयसोलेशन पातळीवर (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे याची सेटिंग) मोकळ्या जागेला कुलूप लावते. मग दोघेही एकमेकांच्या इन्सर्टची वाट बघत बसतात. डेडलॉक. एकाला परत पाठवले जाते.

म्हणून फरक काढा: जे आता यादीत नाहीत ते उडवा, जे नव्याने आले ते घाला, बाकीच्यांना हात लावू नका. सुरुवातीला वापरकर्त्याची ओळ 'सिलेक्ट … फॉर अपडेट' ने कुलूप लावून धरून ठेवा, म्हणजे दोन टॅबमधून आलेले सेव्ह एकामागून एक होतील.

आता खड्डे.

एक. चेकबॉक्सवर टिक नसेल तर ब्राउझर तो पाठवतच नाही. वापरकर्त्याने सगळ्या टिक काढल्या तर सर्व्हरकडे 'विषय' हे नावच येत नाही आणि 'हा भाग फॉर्ममध्ये नव्हता' असे समजून कोड पुढे जातो. जुन्या निवडी तशाच राहतात. त्याच नावाचे रिकाम्या मूल्याचे लपलेले फील्ड सोबत ठेवा आणि सर्व्हरवर ते रिकामे मूल्य गाळा.

दोन. यादी रिकामी असताना 'डिलीट … विषय_क्र नॉट इन ()' ही वाक्यरचनेची चूक ठरते. ती टाळायला काही जण कंसात 'नल' (मूल्यच नाही) टाकतात. 'नॉट इन (नल)' चे उत्तर ना खरे ना खोटे, त्यामुळे एकही ओळ उडत नाही आणि एररही नाही. रिकाम्या यादीसाठी वेगळी फांदी लिहा: त्या वापरकर्त्याच्या सगळ्या ओळी डिलीट.

तीन. 'इन्सर्ट इग्नोर' मोहक आहे, पण ते फक्त दुहेरी ओळ पोटात घालत नाही. अस्तित्वात नसलेला विषय क्रमांक आला तर फॉरेन कीची एररसुद्धा वॉर्निंग होऊन जाते. त्याऐवजी 'ऑन डुप्लिकेट की अपडेट विषय_क्र = विषय_क्र' लिहा. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' आहे, ते दुहेरीपुरतेच गप्प बसते.

चार, आणि हा सगळ्यात वाईट. वापरकर्ता टेबलात कुठे 'रिप्लेस इंटू' वापरलेले असेल तर आजच काढा. रिप्लेस जुनी ओळ डिलीट करून नवी घालतो. कॅस्केड लावलेला आहे, म्हणजे कोणी फक्त फोन नंबर बदलला तरी त्याच्या सगळ्या निवडी उडतात.

अवांतर: चाचणी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर करत असाल तर तिथे फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक कनेक्शनवर 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन' द्यावे लागते. नाहीतर चाचण्या हिरव्या आणि प्रत्यक्षात बोंब.

गाळीव

थोडा विरोधी सूर. पोस्टग्रेसमध्ये क्रमांकांचा ॲरे (एकाच घरात यादी) आणि त्यावर जिन इंडेक्स (यादीतल्या घटकांचा इंडेक्स) ठेवला की '३ आणि ७ दोन्ही' एका ओळीत मिळते, ग्रुप बाय नको की हॅविंग नको. मायएसक्यूएलमध्येही ८.०.१७ पासून जेसन (माहिती मजकूर म्हणून लिहायची एक पद्धत) मधल्या यादीवर इंडेक्स करता येतो आणि 'मेंबर ऑफ' तो वापरतो. प्रत्येक गोष्टीला जोडटेबल म्हणजे अतिरेक नाही का?

सांधेजोड

शोधाच्या वेगाबद्दल पूर्ण सहमत. अडचण दुसरीकडे आहे: ॲरेतल्या घटकांवर फॉरेन की लावता येत नाही. विषय ७ उडवला तर हजारो ॲरेंमध्ये तो ७ तसाच लोंबकळत राहील. ७ दोनदा असणे थांबवायलाही साधी युनिक पुरत नाही. 'केव्हा निवडले' ठेवायचे तर यादीशेजारी दुसरी यादी आली. आणि एक निवड काढायला पूर्ण ओळ नव्याने लिहिली जाते.

ज्या यादीत डेटाबेसला काही शोधायचे नाही, मोजायचे नाही, जी फक्त स्क्रीनवर परत दाखवायची, तिथे जेसन खुशाल वापरा. उदाहरणार्थ, 'तक्त्यातले कोणते कॉलम दिसावेत' ही प्रत्येकाची आवड. धागाकर्त्यांना मात्र शोधायचेही आहे आणि मोजायचेही.

कळफलक

भाषांचे काय? त्याच जोडटेबलात भाषा_क्र कॉलम वाढवला तर एक टेबल वाचेल.

सांधेजोड

वाचणार नाही, फुगेल. विषय आणि भाषा यांचा आपसात काही संबंध नाही. एकाने ५ विषय आणि ३ भाषा निवडल्या तर (वापरकर्ता, विषय, भाषा) अशा टेबलात १५ ओळी लिहाव्या लागतात, नाहीतर अमुक विषय अमुकच भाषेत असा नसलेला अर्थ त्यातून निघतो. एक भाषा काढली की पाच ओळी उडवायच्या. संगणकशास्त्रज्ञ फॅगिनने १९७७ साली मांडलेले चौथे नॉर्मल फॉर्म (टेबलरचनेचा नियम) नेमके यासाठीच. वापरकर्ता_भाषा हे वेगळे टेबल करा. 'मला गणित फक्त कन्नडमधून हवे' अशी निवड फॉर्मवर खरोखर असेल तरच तिघे एका टेबलात येतील.

वेगळी टेबले केली तरी क्वेरीत तीच फुगवटी परत येते हे ध्यानात ठेवा. वापरकर्त्याला दोन्ही जोडटेबले एकाच वेळी जोडली की पुन्हा ५ × ३ = १५ ओळी, आणि काउंट दोन्हींसाठी १५. 'काउंट डिस्टिंक्ट' ने मलमपट्टी होते, पण आधी प्रत्येक टेबल आपापले मोजून मग जोडणे स्वच्छ. नावे एका ओळीत दाखवायला 'ग्रुप_कॉन्कॅट' वापराल तर मायएसक्यूएलमध्ये त्याची मर्यादा मुळात १०२४ बाइट आहे. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचे, म्हणजे ३४१ अक्षरांपुढे यादी कापली जाते. कनेक्शनवर 'ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन' वाढवून घ्या.

गाळीव

मग सगळ्याच प्रकारांसाठी एकच टेबल: वापरकर्ता, गुणधर्म, मूल्य? विषय, भाषा, पुढे काहीही.

उलटतपासणी

नको. 'मूल्य' कधी विषयाचा क्रमांक, कधी भाषेचा. मग फॉरेन की कुठे लावणार? प्रत्येक क्वेरीत 'गुणधर्म = विषय' ही अट आली, आणि ती विसरलात तर भाषा ७ ही विषय ७ म्हणून मोजली जाते. दोन छोटी टेबले परवडली.

प्रश्नावली हे मात्र वेगळे प्रकरण. तिथे प्रश्न हीच माहिती असते, रोज बदलू शकते, म्हणून टेबले सर्वसाधारण हवीत:

प्रश्न (प्रश्न_क्र, मजकूर, कमाल_निवडी)
पर्याय (पर्याय_क्र, प्रश्न_क्र, मजकूर, क्रम)
प्रतिसाद (प्रतिसाद_क्र, वापरकर्ता_क्र, सादर_केव्हा)
उत्तर (प्रतिसाद_क्र, प्रश्न_क्र)
उत्तर_पर्याय (प्रतिसाद_क्र, प्रश्न_क्र, पर्याय_क्र, स्थान, इतर_मजकूर)

'उत्तर' टेबल रिकामटेकडे वाटेल, पण 'यातले काहीच नाही' आणि 'प्रश्न सोडून दिला' यांतला फरक तेच सांगते. उत्तरची ओळ आहे पण पर्याय शून्य: विचार करून काही निवडले नाही. ओळच नाही: उत्तर दिलेच नाही.

उत्तर_पर्यायमध्ये प्रश्न_क्र पुन्हा घेतला आहे तो मुद्दाम. पर्याय टेबलावर (प्रश्न_क्र, पर्याय_क्र) युनिक करा आणि उत्तर_पर्यायातून या जोडीवर फॉरेन की लावा. आता प्रश्न ४ च्या उत्तरात प्रश्न ९ चा पर्याय टाकताच येणार नाही. नुसत्या पर्याय_क्र वर की लावली तर हे सर्रास होते, विशेषतः फॉर्ममधल्या प्रश्नांचा क्रम बदलला की.

'जास्तीत जास्त ३ निवडा' साठी स्थान कामाला येते. (प्रतिसाद_क्र, प्रश्न_क्र, स्थान) युनिक आणि स्थान १ ते ३ मध्येच, अशी चेक अट. चौथ्या निवडीला जागाच उरत नाही. मर्यादा प्रश्नागणिक वेगळी असेल तर कमाल_निवडी हा कॉलमही उत्तर आणि उत्तर_पर्यायपर्यंत कीमधून उतरवा आणि 'स्थान <= कमाल_निवडी' अशी चेक लावा. एकच उत्तर असलेला प्रश्न म्हणजे कमाल_निवडी = १, त्याला वेगळे टेबल नको. मायएसक्यूएल चेक अट ८.०.१६ पासूनच पाळतो. त्याआधी ती वाचून सोडून देत असे, तेव्हा ८ मधली नेमकी आवृत्ती बघून घ्या. चेकमधल्या कॉलमवर 'ऑन अपडेट कॅस्केड' चालत नाही, त्यामुळे उत्तरे आल्यावर मर्यादा बदलायची तर नवीन प्रश्न करा. पर्यायाच्या मजकुराचेही तेच. 'कधीकधी' चे 'क्वचित' केले तर आधी उत्तर दिलेल्यांच्या तोंडी न बोललेला शब्द जातो.

नवी_पाटी

सगळ्यांचे आभार. एकच राहिले: जुना कॉलम नव्या टेबलात हलवायचा कसा? आणि ॲप तेवढ्या वेळात बंद ठेवावे लागेल का?

सांधेजोड

बंद ठेवायची गरज नाही, क्रम पाळा.

१. नवी टेबले करा. ॲपमध्ये असा बदल करा की प्रत्येक सेव्ह जुन्या कॉलममध्येही जाईल आणि नव्या टेबलातही. वाचन अजून जुन्यातून.

२. जुना कॉलम फोडा. 'जेसन_टेबल' ने सोपे जाते: मजकुराला चौकोनी कंस जोडला की '३,७,१२' ची जेसन यादी होते आणि प्रत्येक घटकाची ओळ मिळते. पण '३,७,' असा शेवटी लटकलेला स्वल्पविराम किंवा '०३' असा शून्याने सुरू होणारा आकडा जेसनला चालत नाही, पूर्ण क्वेरी पडते. असे मजकूर आधी रेगेक्सने (मजकुराचा साचा देऊन) शोधून दुरुस्त करा.

३. फोडलेल्या ओळी थेट वापरकर्ता_विषयमध्ये नकोत. आधी फॉरेन की नसलेल्या कच्च्या टेबलात घाला. तिथे दोन याद्या काढा: विषय टेबलात नसलेले क्रमांक, आणि एकाच वापरकर्त्याकडे दोनदा आलेले क्रमांक. दोन्ही डोळ्यांखालून घाला, मगच पुढे.

४. दुहेरी गाळून खऱ्या टेबलात घाला. पायरी १ नंतर ज्यांनी स्वतः सेव्ह केले आहे त्यांना वगळा, नाहीतर त्यांनी काढून टाकलेला विषय परत येईल.

५. पडताळा: रिकाम्या नसलेल्या प्रत्येक मजकुरात स्वल्पविराम अधिक एक इतक्या निवडी असायला हव्यात. तिसऱ्या पायरीत गाळलेल्या आणि चौथ्या पायरीत वगळलेल्या ओळी धरून बेरीज जुळली की वाचन नव्या टेबलातून सुरू करा. जुन्या कॉलमचे नाव बदलून काही दिवस ठेवा. कुठून ओरड आली नाही की उडवा.

उलटतपासणी

तिसऱ्या पायरीच्याही आधी एक गोष्ट. कॉलम व्हारचार (१००) आहे ना? चाळीसही विषय निवडले तर एक अंकी ९, दोन अंकी ३१ म्हणजे ६२ अंक, आणि ३९ स्वल्पविराम: एकूण ११० अक्षरे. मावत नाहीत. स्ट्रिक्ट मोड (न मावणारी माहिती नाकारणारी सेटिंग) चालू असेल तर सेव्हच झाले नसेल. बंद असेल, किंवा कधीकाळी बंद होता, तर मजकूर १०० वर कापला गेला आहे. नेमका कुठे ते मोजा: ९ पर्यंत स्वल्पविरामांसह १८ अक्षरे, मग १० ते ३६ ची ८१, झाली ९९. शंभरावे अक्षर ३७ मधला ३.

म्हणजे ३८, ३९, ४० गायब आणि ३७ चा झाला ३, जो खरा विषय आहे आणि यादीत आधीच आहे. फॉरेन की त्याला हरकत घेणार नाही, आणि दुहेरी गाळताना तो गुपचूप नाहीसा होईल. म्हणून आधी लांबी बरोबर १०० असलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या काढा. त्यांचे शेवटचे क्रमांक कॉलममधून परत मिळणार नाहीत. जुन्या बॅकअपमध्येही तोच कापलेला मजकूर असेल. त्या वापरकर्त्यांना पुढच्या लॉगिनला विषयांचा फॉर्म पुन्हा दाखवावा लागेल.